गणपती तीन आठवड्यांवर आणि स्पीकरच्या बॉक्सचा रंग काही सुकत नाही

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आचऱ्याच्या बाजूचे तुम्ही, भजनी मंडळासाठी १८ एमएम प्लायचे १२ इंची दोन बॉक्स बनवलेत, घरासाठी एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे) छोटे दोन, आषाढात जोडणी झाली, श्रावणात काळा ऑईल पेंट मारलात आणि आज सहावा दिवस तरी बोट लावलं की ठसा उठतोय, शिवाय एमडीएफच्या कडा भाकरीसारख्या फुगल्यात. आणि विचारताय की वरून अजून एक हात मारला तर बसेल का.

नाही बसणार. उलट खालचा ओला थर कायमचा कोंडला जाईल आणि ट्यूबलाईटखाली बॉक्सवर सुरकुत्या दिसतील. तो रंग काढायलाच लागेल. आणि चकाचक फिनिश गणपतीच्या आत होणार नाही, ते दिवाळीनंतर. पण प्लायचे दोन्ही बॉक्स गणपतीत वाजतील, काळे दिसतील आणि पावसात खराब होणार नाहीत एवढं नक्की करता येईल, ते कसं ते सांगतो. मी कुडाळच्या बाजूला वीस-बावीस वर्षं हेच काम करतोय, भजनी मंडळं, दशावतारी कंपन्या, देवळांतले बॉक्स, आणि आपल्याकडे बॉक्सचं फिनिश म्हणजे नव्वद टक्के ओलीशी भांडण आहे हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. बाहेरचे लोक दाखवतात ते सगळं बरोबर असतं हो, पण त्यांच्या हवेत बरोबर असतं.

आधी हे झालं कशानं ते समजून घ्या म्हणजे पुढच्या वेळी होणार नाही. ऑईल पेंट दोन टप्प्यांत सुकतो. पहिल्यांदा त्यातलं टर्पेंटाईन उडून जातं, मग आतलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. जाड हात मारला की वरची साय धरते आणि त्या सायीखाली हवा पोचतच नाही, खालचा रंग महिनाभर लोण्यासारखा राहतो. त्यात कोणी सांगितलं म्हणून पातळ करायला रॉकेल घातलं असेल तर ते टर्पेंटाईनपेक्षा फार सावकाश उडतं, पावसाळी हवेत तर विचारूच नका. आणि खालून तुमचा प्लायच ओला होता. हे डोळ्यांना दिसत नाही पण लाकूड हवेबरोबर ओल देत-घेत असतं, हवेत ८५ टक्के आर्द्रता सलग राहिली तर लाकूड हळूहळू १७-१८ टक्के ओल धरतं. मी १२ च्या वर असेल तर रंगाचा डबा उघडत नाही. मॉइश्चर मीटर मिळतो, दोन सुया टोचायचा, तो घ्या, खरंच घ्या, ह्या धंद्यात रंधा आणि ड्रिलच्या खालोखाल मला त्याचाच उपयोग झालाय.

माझं स्वतःचं सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका दशावतारी कंपनीसाठी चार बॉक्स केले होते, सागाचं व्हिनियर लावून, आणि पावसाची उघडीप बघून संध्याकाळी एनसी लॅकर (नायट्रोसेल्युलोजचा, झटपट सुकणारा) गनने मारला. पाच मिनिटांत अख्खा पृष्ठभाग राख फासल्यासारखा पांढरा. मला वाटलं माल भेसळीचा आहे. माल चांगलाच होता. लॅकरमधला थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो आणि दमट हवेतलं पाणी त्या गार पृष्ठभागावर दवासारखं बसतं, तेच थरात अडकून पांढरं दिसतं. चपडीच्या (लाखेच्या) स्पिरिट पॉलिशलाही हेच होतं. थोडं असेल तर रिटार्डर थिनरचा पातळ हात मारून ते जातं, पण माझ्या वेळी सगळं खरवडून काढायला लागलं आणि ती माणसं पहिले चार खेळ कोरे बॉक्स घेऊन गेली. दिलेली तारीख चुकली ह्याचं वाईट अजून वाटतं. तेव्हापासून ज्येष्ठ ते भाद्रपद मी एनसी आणि चपडीला हात लावत नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

आता कामाला लागू. बॉक्समधून स्पीकर, कनेक्टर, वायर सगळं काढा. चिकट रंग पॉलिश पेपरने काढायला जाऊ नका, पेपर दोन मिनिटांत गच्च भरतो. रुंद पत्री घ्या, धार लावून, आणि आधी जेवढा खरवडून निघतो तेवढा काढा. उरलेल्यावर एनसी थिनरचा बोळा दाबून ठेवला की कच्चा ऑईल पेंट सुरकुतून वर येतो, तो लगेच पत्रीने ओढायचा. हे काम पडवीत करा, वाऱ्यावर, चूल-गॅस-उदबत्ती लांब. मग रात्रभर ठेवून ८० नंबर पॉलिश पेपरने आणि त्यावर १२० ने घासा. लाकडाच्या रेषांत थोडा काळा राहिला तरी चालेल, वरून काळंच येणाराय.

मग सुकवणं. ह्याला आठवडा द्या आणि ह्यातला एक दिवससुद्धा वाचवायला बघू नका. एक छोटी खोली घ्या, बॉक्स लादीवर टेकवू नका कारण पावसाळ्यात लादीला घाम येतो, दोन पट्ट्यांवर ठेवा, स्पीकरची भोकं उघडी, आणि खोलीत १०० वॉटचे दोन-तीन जुने पिवळे बल्ब लावून दार लोटून घ्या. एलईडी नको, तो तापत नाही. गंमत अशी की हवा नुसती पाच डिग्री तापवली तरी फार फरक पडतो, २७ डिग्रीची ९० टक्के आर्द्रतेची हवा ३२ डिग्रीवर नेली की तीच हवा ६७-६८ टक्क्यांवर येते, पाणी तेवढंच असतं पण गरम हवेला अजून पाणी धरता येतं म्हणून ती लाकडातलं ओढायला लागते. दिवसातून दोनदा दार उघडून खोलीतली दमट हवा बाहेर जाऊ द्या. घरात एसी असेल तर ड्राय मोडवर अजून उत्तम. फक्त एक, ताजा थिनरवाला माल मारलेली वस्तू तापलेल्या बल्बजवळ बंद खोलीत कधीच ठेवायची नाही, भडका उडतो. बल्ब रंगाच्या आधी. आणि थिनर चोळलेले बॉक्स पण वास पूर्ण गेल्यावरच त्या खोलीत न्यायचे.

मीटर १२ च्या आसपास आला की इपॉक्सी. पावसाळ्यात मी इपॉक्सीवरच भरवसा ठेवतो कारण ती काही उडून सुकत नाही, रेझिन आणि हार्डनर एकमेकांत मिसळून घट्ट होतात, म्हणून बाहेर पाऊस असला तरी ती बसते. मालवणच्या किंवा रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बाजूला होड्यांचं सामान मिळतं तिथे विचारा, पण नीट बघून घ्या, फायबरच्या होडीला वापरतात ते रेझिन बहुतेक वेळा पॉलिएस्टर असतं, त्याचा उग्र वास येतो आणि लाकडाला ते इपॉक्सीएवढं धरत नाही. आणि पॉलिएस्टरवाल्यांची सवय असते की लवकर सुकायला पाहिजे तर हार्डनर जास्त घाला. इपॉक्सीत हे अजिबात करायचं नाही. डब्यावर जे माप लिहिलंय तेच, वजनकाट्यावर मोजून, कारण जास्तीचा हार्डनर तसाच राहतो आणि माल कायमचा चिकट. काळी इपॉक्सी पिगमेंट पेस्ट मिळते ती पाच टक्क्यांच्या आत घाला, म्हणजे रंगाचं काम ह्याच्यातच होऊन जाईल. हातमोजे पाहिजेतच, इपॉक्सीची ॲलर्जी एकदा बसली की जन्मभर जात नाही.

पहिला हात प्लायच्या कापलेल्या कडांना, त्या पितात, पितील तेवढं पाजा. मरीन प्लाय असला तरी पाजा. आयएस ७१० (मरीन प्लायवरचा मानकाचा शिक्का) असला की चिकटवलेला डिंक पाण्यात सुटत नाही, पण लाकूड पाणी पीत नाही असं नाही. कडेला थरांमध्ये पोकळी दिसली तर तीही भरा, नाहीतर ढोलकीच्या घुमाऱ्याला ती जागा कुरकुरते. मग फोमच्या ४ इंची रोलरने सगळा बॉक्स बाहेरून आणि आतून. आतून हा शब्द परत वाचा. बाहेरून बंद आणि आतून कोरी असलेली फळी एकाच बाजूने ओल घेते आणि वाकते, जॉइंट सुटायला लागतात, आणि लोक म्हणतात फेविकॉल खराब होता. आतला हात दिसायला कसाही असू दे, ओघळ आले तरी चालतील, पण कोपऱ्यांत ब्रश कोंबून मारा, त्याने जॉइंटच्या बारीक फटी पण बंद होतात. रंगाने आवाज बदलतो का असं बरेच जण विचारतात. रंगाने नाही बदलत, फटीने बदलतो. बॉक्स जोडून झाला की खर्जातला एखादा सूर सलग वाजवून जॉइंटच्या कडेने उदबत्ती फिरवा, जिथे धूर थरथरेल तिथे हवा निसटतेय.

दुसरा हात दुसऱ्या दिवशी. आणि इथे बहुतेक सगळे चुकतात म्हणून लक्ष द्या: दमट हवेत इपॉक्सी घट्ट झाली की तिच्यावर मेणासारखा एक बुळबुळीत पापुद्रा येतो. तो कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या साबणाने धुवायचा, पुसून सुकवायचा, मगच १८० ने घासायचं. न धुता घासलात तर तोच मेणचटपणा घासून आत बसतो आणि त्याच्यावर पुढे काहीच धरत नाही, नखाने सोलून निघतं. दुसरा हात झाला की चार-पाच दिवस ठेवा, मग स्पीकर बसवा. असा हिशोब धरला तर तीन आठवड्यांत थोडे दिवस हातात उरतात. इपॉक्सी उन्हात पिवळी आणि खडूसारखी होते पण मांडवातल्या आणि घराघरातल्या भजनांत ऊन लागत नाही, त्यामुळे हा एक सीझन ती उघडी राहू द्या.

एमडीएफचे छोटे बॉक्स मात्र ह्या गणपतीत राहू द्या बाजूला. पेपरमध्ये गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा. फुगलेला एमडीएफ परत बसत नाही, त्यातला भुसा एकदा सुटला की सुटला. कडा दाबून बघा, मऊ लागत असेल तर ती फळीच बदला, वाईट वाटून घेऊ नका. नुसतीच खरखरीत फुगली असेल तर घासून सपाट करा आणि गाडीच्या बॉडीला लावतात ती पॉलिएस्टर लांबी पातळ ओढा. भिंतीची पांढरी पुट्टी लाकडावर कधीच नको, ती सिमेंटची, लाकूड हलतं ती हलत नाही, पहिल्या बेसच्या दणक्याला पापुद्रे सुटतात. तसंच तो लाल रेड ऑक्साईड, तो लोखंडाला मारायचा प्रायमर आहे, लोक बिनदिक्कत प्लायवर मारतात.

आता दिवाळीनंतरचं. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस आपल्याकडे रंगाचे, पण सकाळी दहाच्या आधी नाही आणि तीनच्या नंतर नाही, कारण थंडीत रात्री दव पडतं आणि संध्याकाळी मारलेल्या रंगाची चमक पहाटेपर्यंत मरते. मे महिना लोकांना बरा वाटतो, मला नाही वाटत, आपली तांबडी माती आणि जांभ्याची धूळ वाऱ्यावर असते आणि ओल्या रंगावर बसली की काळ्या बॉक्सला तांबूस झाक येते ती कशाने जात नाही.

मंडळाच्या बॉक्सना मी चकचकीत फिनिश सुचवणारच नाही. टेम्पोत चढणार, पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून खांद्यावर जाणार, कोणाच्या तरी अंगणात पावसाच्या थेंबांखाली पाच मिनिटं राहणार, चकचकीत रंगावर पहिल्याच दिवशी ओरखडा. दाणेदार टेक्स्चर काळा मारा, रोलरवर जाड माल घेऊन, आणि सुकायच्या आधी कोरड्या रोलरने हलकेच उचलायचा म्हणजे संत्र्याच्या सालीसारखे दाणे उठतात. ओरखडे दिसत नाहीत आणि घासाई कमी-जास्त झाली असेल तर तीही लपते. आधी इपॉक्सी २२० ने घासून चमक मारा. बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक वापरून हेच करतात लोक, स्वस्त पडतं, पण तो मऊ राहतो आणि बॉक्सवर बॉक्स रचून रात्रभर ठेवला की दोन्ही एकमेकांना चिकटतात, सकाळी ओढताना रंग सोलून येतो. वापरलात तर तीन आठवडे रचू नका. जमलं तर टू-पॅक पीयूचा (पॉलीयुरेथेनचा, हार्डनर मिसळून मारायचा) टेक्स्चर माल घ्या. कार्पेट मात्र आपल्याकडे नको असं माझं ठाम मत आहे, दिसतं छान पण ओल धरून ठेवतं, आत बुरशी आणि खाली प्लाय कुजतो, मी असे कितीतरी बॉक्स उघडलेत ज्यांचं कार्पेट ठीक होतं आणि तळाची फळी बोटाने तुटत होती.

कडांचं एक. धारदार कडेवर कुठलाही रंग टिकत नाही, सुकताना तो कडेवरून मागे ओढला जातो आणि तिथे थर सगळ्यात पातळ राहतो, म्हणून आधीच सगळ्या कडा निदान ३ एमएम गोल करा, राउटर (कडा कोरायचं मशीन) असेल तर ६. पत्र्याचे कॉर्नर लावणार असाल तर त्यांच्या खाली पण रंग पूर्ण झालेला पाहिजे, कॉर्नर लावून मग रंगवणारे आहेत, पाणी बरोब्बर तिथेच शिरतं.

घरचे एमडीएफचे बॉक्स गुळगुळीत पाहिजेत तर टू-पॅक पीयू प्रायमर दोन-तीन हात, प्रत्येकाच्या मध्ये ३२० ने घासून, मग मॅट पीयू. कडांना एक हात जास्त. पीयूचा हार्डनर पाण्याशी पण भांडतो, ओल मिळाली की आत गॅस तयार होऊन बारीक बुडबुडे उठतात, त्यामुळे कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढा आणि गनच्या आधी मॉइश्चर ट्रॅप लावा, आपल्या हवेत त्या ट्रॅपमध्ये दिवसाला किती पाणी जमतं बघून थक्क व्हाल. आणि त्या हार्डनरची फवारणी फुप्फुसांना फार वाईट आहे, दम्याचा त्रास लागतो. कापडी किंवा धुळीचा मास्क इथे काहीच करत नाही, फवारायचं तर बाहेरची ताजी हवा पुरवणारा मास्क हवा, निदान कार्बन कार्ट्रिज आणि कणांचा फिल्टर दोन्ही असलेला, आणि लहान मुलं त्या दिवशी दुसऱ्या घरी. रोलर किंवा ब्रशने मारलात तर धोका बराच कमी होतो, छोट्या बॉक्सला मी तेच सांगेन.

अजून एक दिसेल तुम्हाला, वर्षभराने. दोन फळ्या जिथे मिळतात तिथे रंगावर केसासारखी सरळ रेघ उठते. तुमच्या घासण्यात चूक नसते, फळीची कड आणि फळीचं तोंड वेगवेगळं फुगतं-आकसतं आणि मे ते जुलैमध्ये आपली हवा इतकी पलटते की ती रेघ दाबून टाकणं कठीण. मी तर जॉइंटवर मुद्दाम एक बारीक खाच मारतो, डिझाइनसारखी, मग रेघ शोधूनही सापडत नाही. किंवा वरून व्हिनियर. व्हिनियर लावाल तर दोन्ही बाजूंना लावा, आणि बादलीतल्या कॉन्टॅक्ट ॲडेसिव्हने नको, वरचा थिनर झिरपून तो मऊ होतो आणि फुगे येतात, पांढरा वॉटरप्रूफ फेविकॉल आणि वर वजन. पुढे कधी घरासाठी अस्सल लाकडाचे करावेसे वाटले तर फणसाचं बघा, सुरुवातीला हळदीसारखं पिवळं असतं आणि वर्षागणिक तांबूस तपकिरी होत जातं, मला सागापेक्षाही ते जास्त आवडतं. तेल चोळणार असाल तर अळशीच्या तेलाची चिंधी गोळा करून टाकू नका, ती आपोआप पेटते, पाण्यात बुडवून मग फेका. आणि कोणी सांगेल काजूच्या टरफलांचं तेल लावा, होड्यांना लावतात ते. होडीला ठीक आहे. हाताला लागलं तर कातडी सोलते आणि त्याच्यावर पुढे रंग धरत नाही.

जोडताना बघायचं: स्पीकर बसायच्या खाचेत रंगाचा थर चढतो आणि मग स्पीकर आत जात नाही, लोक ठोकून बसवतात आणि फ्रेम वाकते. खाच रंगाच्या हिशोबाने १ एमएम मोठी ठेवा, आणि गॅस्केट (हवा अडवणारी मऊ पट्टी) बसते ती जागा मास्किंग टेपने झाका, तिथे इपॉक्सीच बास. टी-नटच्या (फळीत ठोकून बसवलेल्या, बोल्ट धरणाऱ्या नटच्या) आट्यांत रंग जाऊ देऊ नका, जुना बोल्ट फिरवून ठेवा. स्क्रू स्टेनलेसचे, समुद्राच्या इतकं जवळ आहात तर ३१६ ग्रेडचे मिळाले तर तेच, साधे झिंकवाले दोन पावसांत गंजतात आणि गंजाचे ओघळ रंगावर उतरतात. कनेक्टरच्या मागे सिलिकॉन लावाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्यातलं ॲसिड तांब्याच्या वायरी खातं, न्यूट्रल सिलिकॉन मागा. बुडाला रबरी पाय लावा, बॉक्सखालून हवा खेळली पाहिजे.

आणि गणपतीसाठी स्पीकर बसवायच्या आधी बॉक्सच्या भोकात नाक घालून वास घ्या. थिनरचा किंवा रेझिनचा जराही वास आला तर अजून एक दिवस उघडा ठेवा, कोंडलेल्या वाफेने स्पीकरच्या कोनच्या (थरथरणाऱ्या पडद्याच्या) कडेचा फोम आणि डिंक मऊ होतो. मीटरचं रीडिंग आणि इपॉक्सीच्या डब्यावरचं माप इथे टाका, पहिला हात मारायच्या आधी मी बघून सांगतो.